पाण्याखालच्या गावाचे पितर

गाडी सुटायला अर्धा तास उशीर झाला. तेवढ्यात मिस नोरांनी स्टँडवरच्या तीन माणसांना आपण कुठे चाललो आहोत ते सांगून टाकले. "मुळशी. पितर जेवायला," त्या म्हणत. वीस वर्षे पुण्यात राहूनही त्यांचे मराठी असेच होते. ऐकणारी माणसे गोंधळून माझ्याकडे बघत आणि मी खिडकीबाहेर बघे.

मिस नोरा मूळच्या आयर्लंडच्या. आमच्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी आणि शिवण शिकवत, मी भूगोल. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली होती. त्या साली सर्वपित्री अमावस्येला शाळेला सुट्टी होती. शाळेतल्या हौसाबाई शिपाईण माहेरी पितरांना जाणार होत्या, पण त्यांच्या लेकीचे बाळंतपण निघाले. "तुमीच जावा बाई," त्या मला म्हणाल्या. "आमचं पितर घरात न्हाई जेवत. धरणात जेवत्यात." एवढे ऐकल्यावर मिस नोरांना मागे ठेवणे शक्य नव्हते.

पिरंगुटच्या पुढे भातखाचरे पिवळी व्हायला लागली होती. आंबेमोहराचा वास गाडीत येत होता. पौडला आम्ही चहा घेतला आणि पुढच्या गाडीत बसलो. वाटेत मिस नोरा त्यांच्याकडच्या एका सणाविषयी सांगत होत्या. आयर्लंडमध्ये केल्ट नावाच्या जुन्या लोकांपासून तो चालत आलेला आहे, धर्म बदलला तरी खेड्यांतून सुटलेला नाही. सुगी संपून हिवाळा लागतो त्या दिवशी मेलेली माणसे घरी येतात, अशी तिकडे समजूत. त्या सणाला 'सॉविन' म्हणतात. त्यांची आई त्या दिवशी चूल झाडून घेई, खुर्च्या विस्तवाकडे वळवून ठेवी, एक ताट जास्तीचे मांडी.

"विश्वास होता त्यांचा?" मी विचारले.

"आईला कोणी विचारले नाही," त्या म्हणाल्या. "ताट मांडायची, एवढे खरे."

धरणाच्या अलीकडे उतरून दीड मैल चालायचे होते. पाऊस नव्हता, पण बांध निसरडे होते. एका ओहोळात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेली वाट मी अनवाणी चालले. वाडी टेकडीच्या उतारावर, वीसेक घरांची. खाली धरणाचे पाणी पसरलेले, स्वच्छ आणि गप्प. नकाशावर मी ते कितीदा तरी निळ्या खडूने रंगवले होते. प्रत्यक्षात ते हिरवे दिसले.

हौसाबाईंचे वडील धोंडिबा ओसरीवर बसले होते. वय पासष्टच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "हौशीच्या साळंतल्या बाई नव्हं? या. पाय धुवा."

त्यांची सून सरूबाई चुलीपाशी होती. भरड्याचे वडे, तांदळाची खीर, भोपळा, अळू, कढी. पितरपाटाचा (पितृपक्षाचा) सगळा स्वयंपाक तिने एकटीने केला होता. नवरा लोणावळ्याला रेल्वेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. सरूबाई दांडगी, सावळी, कमी बोलणारी बाई होती. चुलीत नवे लाकूड सारताना तिने आम्हाला एकदा नीट पाहून घेतले आणि विचारले, "गोऱ्या बाई तिखट खात्यात का?"

जेवण मात्र पितरांच्या आधी कोणाला मिळणार नव्हते. धोंडिबांनी आम्हाला रीत समजावून सांगितली. जुने गाव पाण्याखाली गेले तेव्हा ते पंचविशीत होते. धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली, पाणी चढायचे ते चढलेच. गावच्या वेशीवर त्यांच्या घराण्याचे चार दगड होते, मेलेल्यांच्या नावाने पुजलेले. ते हलवायचे राहून गेले. तेव्हापासून दर साली सर्वपित्रीला ते होडीने नेमके त्या दगडांच्या वर जात आणि नैवेद्य पाण्यात सोडत.

"नेमके कसे कळते?" मी विचारले. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

"दोन खुणा हायेत," ते म्हणाले. "गडाचं टोक आपल्या वाडीच्या देवळाच्या कळसावर आलं पायजे. आन् पल्याडच्या अंगाला खिंडीच्या मधोमध जांभूळ दिसली पायजे. दोनी एकाच टायमाला जमलं, की खाली आमची वेस."

मी थक्क झाले. मोजणीखात्याची माणसे जे यंत्राने करतात ते हा माणूस चाळीस वर्षे नुसत्या डोळ्यांनी करत होता. पण आता ते डोळेच गेले होते. म्हणून यंदा पहिल्यांदाच सून होडीत बसणार होती. ती बघणार, ते विचारणार.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही निघालो. शेजारचा गणपा वल्ही मारत होता. पुढच्या टोकाला सरूबाई, मांडीवर पत्रावळ. मध्ये धोंडिबा, मागे आम्ही दोघी. पाणी संथ होते. मिस नोरांनी हात पाण्यात घातला आणि गणपाने त्यांना दटावले, तसा काढून घेतला.

"कळस आला का गडाखाली?" धोंडिबांनी विचारले.

"आला, मामंजी."

"आता ही रेघ सोडू नको, गणपा. सरे, डाव्या हाताला बघ. जांभूळ खिंडीत आली का?"

सरूबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिने पत्रावळ खाली ठेवली.

"मामंजी, ती व्हय जांभूळ? खिंडीपाशी एकलीच हुती, ती?"

"तीच की."

"ती न्हाई आता. सरावणात दरड आली, तवा झाडासकट सगळा उतार खाली आला."

गणपाने वल्ही थांबवली. सरूबाईचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, "मीच मोळ्या बांधून आणल्या. आज सैपाक त्याच लाकडांवर झाला. मला काय ठावं, मामंजी? तुमी कधी बोलला न्हाई."

"कुनी इचारलं न्हाई," धोंडिबा म्हणाले.

मी पिशवीतून होकायंत्र काढले. शाळेतून मुद्दाम आणले होते. पण ज्या झाडाची दिशा घ्यायची ते झाड नव्हते, ज्या उतारावर ते होते तो उतारही नव्हता. दरडीचा तांबडा ओरखडा शंभर-दीडशे हात रुंद होता. झाड त्यात कुठे होते ते गणपाला सांगता येईना. सरूबाईनेही ते खाली आडवे पडलेलेच जवळून पाहिले होते. मी होकायंत्र परत ठेवून दिले.

होडी हळूहळू फिरत होती. म्हातारा पाण्याकडे तोंड करून बसला होता. मिस नोरांनी मला विचारले आणि मी इंग्रजीत सगळे सांगितले. त्या आपल्या मराठीत म्हणाल्या, "बाबा, माझी आई सांगते, मेलेल्या माणसाला वाट माहीत. आपण फक्त दार उघडे ठेवायचे."

धोंडिबांनी मान वळवली. "तुमच्याकडं ते घरी येत्यात, बाई. बरं हाय. आमचं घरच पाण्यात. दार कुठलं उगडं ठिवायचं?"

परत फिरावे असे गणपाच्या मनात आले असावे, कारण त्याने एक वल्हे उचलले.

"थांब," सरूबाई म्हणाली. "मामंजी, रेघ तर खरी हाय. ह्याच रेघंवर कुटंतरी वेस असंल. हाका मारू. पान्यावर आवाज लई लांब जातो."

म्हाताऱ्याने विचार केला आणि उभे राहायचा प्रयत्न केला. होडी डगमगली. गणपा ओरडला, तेव्हा ते गुडघ्यांवर बसले. तोंडाभोवती हात धरून त्यांनी बापाचे नाव घेतले, मग आज्याचे, मग चुलत्यांची. प्रत्येक नावानंतर 'जेवायला या' म्हणत. आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत येई. पाच नावांनंतर ते अडखळले. ओठ हलत होते, नाव येत नव्हते.

"भिमाई," सरूबाई म्हणाली. "तुमची आजी. मग ठकूआत्या, लगीन न होता गेली ती. मग बाळंतपणात गेलेली कोंडाकाकी."

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमीच. दरसाली पितरांच्या दिशी उंबऱ्यात बसून म्हनत असता. मी वड्याचं पीठ मळत ऐकते."

मग तिनेच हाका मारल्या. बायकांची सगळी नावे तिने घेतली, एकही न चुकता. यांतल्या एकीलाही तिने पाहिले नव्हते. ती या घरात आली तेव्हा जुने गाव बुडून कितीतरी वर्षे झाली होती.

पत्रावळ पाण्यावर ठेवली. ती बुडाली नाही, जरा लांब गेली आणि तिच्याभोवती मासे जमले. धोंडिबांना ते दिसत नव्हते, पण मासे आल्याचे सरूबाईने सांगताच त्यांनी हात जोडले.

परत फिरताना ते एकदम म्हणाले, "गोऱ्या बाई, तुमचं कुनी हाय का नाव घ्यायचं?"

मिस नोरा म्हणाल्या, "भाऊ. मायकेल. जुलैत गेला. पत्र आले तेव्हा पुरून तीन आठवडे झाले होते." हे त्यांनी शाळेत कोणालाही सांगितले नव्हते. आम्ही रोज एका बाकावर डबा खात होतो.

धोंडिबांनी आणखी काही विचारले नाही. पुन्हा हात तोंडाशी नेले आणि जोरात हाक मारली, "मायकल रे! जेवायला ये!" समोरच्या डोंगराने ते नाव जसेच्या तसे परत दिले. मिस नोरा रडल्या नाहीत. टोपी काढून मांडीवर घेतली आणि किनारा येईपर्यंत तशाच बसल्या.

मग आम्ही जेवलो. तिखट मिस नोरांना झेपले नाही, खीर मात्र तीनदा घेतली. निघताना सरूबाईने वाटेपुरती म्हणून नवऱ्याची जुनी वहाण मला दिली. ती दोन बोटे मोठी होती. ती ओढत मी सडकेपर्यंत आले.

गाडीत मिस नोरा झोपल्या. मी आठवून बघत होते. श्राद्धाला भटजींच्या मागून मंत्र म्हणताना माझे वडील आपल्या बापाचे, आज्याचे आणि पणज्याचे अशी नावे घेतात. ती मला पाठ होती. बायकांत आजीचे नाव माहीत होते. तिच्या पलीकडे काहीच नव्हते. नद्यांची, घाटांची, दूर देशांच्या राजधान्यांची नावे मी मुलींकडून घोकून घेत असे.

घरी पोचले तेव्हा आई विळीवर दोडका चिरत होती. मी पाय धुऊन तिच्यापाशी बसले आणि विचारले, "आई, बाबांच्या आजीचं नाव काय होतं?"

"माई."

"माई म्हणत असतील. नाव काय?"

आईचा हात थांबला. तिने दोडक्याच्या फोडी एकीकडे सारल्या.

"सात वर्षं त्यांच्या हाताखाली वावरले मी," ती म्हणाली. "शेवटी त्यांचं सगळं केलं. पण नाव... कधी विचारलंच नाही गं."