पान एकशे शहात्तरनंतरचं मरण

आमचे थोरले दीर बुकबाइंडर आहेत. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, कटिंग मशीन, खळीची बादली आणि दादांची शिस्त. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पुस्तक उलटसुलट गेलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, जाऊबाई सांगतात, आणि तेही टोमण्यात: "पुस्तकाचं पान चुकत नाही हो, माझ्या औषधाची वेळ तेवढी चुकते."

सकाळची प्रार्थना झाली की मी वहीत आदल्या दिवसाच्या चार ओळी लिहिते. यंदा त्यातल्या निम्म्या ओळी दादांनीच अडवल्या, म्हणून त्या इथे एका जागी आणल्या आहेत.

छापखान्यातून पुस्तक येतं ते सुट्या फर्म्यांत. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. फर्म्यांचे गठ्ठे टेबलावर क्रमाने मांडायचे आणि कडेकडेने चालत प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक घडी उचलायची. फेरी संपली की हातात एक पुस्तक. त्यामुळे एक गठ्ठा भलत्या जागी बसला, तर एक प्रत चुकत नाही, सगळ्याच चुकतात.

या वर्षी एका प्रतिष्ठानाचे अध्यक्ष दादांकडे आले. त्यांच्या दिवंगत वडिलांनी पाचशे साठ पानांची तत्त्वचिंतनाची कादंबरी लिहिली होती. ती छापली गेली, पण वाचायला कोणी न मिळाल्यामुळे तिचे फर्मे वीस वर्षं गोदामात निजले होते. आता त्या कादंबरीवर महाविद्यालयांत निबंधस्पर्धा ठेवायची होती.

"शंभर प्रती, परवा," अध्यक्ष म्हणाले.

"परवा नाही व्हायच्या, साहेब."

"वडिलांची पुण्याई आहे, होतील."

आमच्या घरात पुण्याई म्हटलं की कोणी वाद घालत नाही. दादा कामाला लागले. नेमका त्याच दिवशी टेबलाचा एक पाय निखळला. सुतार येईपर्यंत पडतील म्हणून दोन गठ्ठे खिडकीत उचलून ठेवले, पाय बसल्यावर परत मांडले. बाराव्याच्या जागी एकोणतिसावा बसला आणि एकोणतिसाव्याच्या जागी बारावा. एरवी दादा तयार झालेली एक प्रत पानन् पान उलटून बघतात, मगच गठ्ठा बांधतात. त्या दिवशी अध्यक्षांचा ड्रायव्हर दारात उभा राहून हॉर्न वाजवत होता. दादांनी बघितलं नाही. एकतीस वर्षांत तेवढंच.

चूक पकडली त्यांच्याच लेकीने. ती कॉलेजात शिकते, स्पर्धेत उतरली होती. एक दिवस पुस्तक घेऊन ती माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

"काकू, यात माणूस एकशे शहात्तराव्या पानापर्यंत जिवंत आहे, पान उलटलं की त्याला घराबाहेर काढतायत."

"कुठे काढतायत?"

"पुरायला. आणि पुढे अडीचशे पानं तो फिरतोय, वाद घालतोय, चहा पितोय. मग चारशे अठ्ठेचाळीसनंतर अचानक त्याचं लग्न."

"मेल्यावर लग्न? बरंच आहे, भांडायला वेळ नको," जाऊबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

ती हसली नाही. तिने मला तो सांधा दाखवला. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी गुरू शिष्याचा हात धरून म्हणतात, "बाळा, सत्य म्हणजे" आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर, "दरवाजा अरुंद आहे, तिरका करून न्या."

ती खाली गेली, पुस्तक बापापुढे ठेवलं. दादांनी फर्म्याच्या तळाचा बारीक आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाबा, निबंधात लिहू का हे? तुमचं नाव येणार नाही, पण कळेलच."

दादांनी खळीची बादली जवळ ओढली. मग म्हणाले, "दिसलं ते लिही. माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते अध्यक्षांकडे गेले. पापाची कबुली द्यायला निघालेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. शंभर प्रती परत द्या, पदरचा पुठ्ठा लावून नीट बांधून देतो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तासाभराने परतले ते बधिर होऊन.

"काय म्हणाले?" जाऊबाईंनी विचारलं.

"म्हणाले, चूक नाहीच. वडिलांची शैलीच तशी होती."

"अहो, पण पानांचे आकडे?"

"तेही दाखवले. म्हणाले, बाबा आकड्यांना कधी मानत नसत."

"वाचलंय का त्यांनी ते पुस्तक?"

"मी विचारलं. म्हणाले, घरातच होते ना बाबा, वाचायची काय गरज?"

निकाल लागला. शंभरातले ब्याण्णव निबंध त्या मरणावर होते. पहिला आला त्याचं शीर्षक 'मरणोत्तर विवाह: एका बंडाचा अन्वय'. लेखकाने पृष्ठक्रमांकांनाही काळाच्या जोखडातून मुक्त केलं, असं त्या मुलाने लिहिलं होतं. परीक्षकांनी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. दादांच्या लेकीच्या निबंधावर लाल शाईत शेरा होता: 'कलाकृतीकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले आहे. अजून वाचन वाढवावे.' पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी बहुधा ती एकटीच.

बक्षीस समारंभाला दादा आणि मी मागच्या रांगेत बसलो होतो. अध्यक्षांनी भाषणात डोळे मिटून म्हटलं, "बाबा सांगत, सत्य म्हणजे दरवाजा अरुंद आहे, तिरका करून न्या!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. दादांनी मान इतकी खाली घातली की मला वाटलं, चप्पल शोधतायत.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांचा निरोप आला: कादंबरीच्या हजार प्रती काढायच्या, अगदी पहिल्यासारख्याच, एकही पान इकडचं तिकडे नको. हजार प्रती म्हणजे दादांची चार महिन्यांची कमाई. जाऊबाईंनी बोटांवर हिशेबही करून टाकला.

दादांनी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि सांगितलं, "बरोबर क्रमाने हवं असेल तर करतो. चुकीचं मला मुद्दाम बांधता येत नाही."

काम मागच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेलं. दादा त्यानंतर जेवायचे कमी, टेबल पुसायचे जास्त. "शंभर चुकले ते चुकले, आता अकराशे," एवढंच एकदा मला म्हणाले. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. काय मागावं तेच कळत नव्हतं, म्हणून नुसतं नाव घ्यायचे.

गेल्या महिन्यात तो बाइंडर स्वतःच आला. काखेत एक प्रत, चेहरा रडवेला.

"दादा, तुम्ही हे केलंत कसं? माझी माणसं फर्मे हातात आले की आपोआप बरोबर लावतात. ओरडून ओरडून घसा बसला. दोनदा उसवलं. वीस वर्षांची सवय हो, हात ऐकतच नाहीत."

कित्येक दिवसांनी दादांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"बस. चहा घे," ते म्हणाले. "आणि बरोबरच लाव."

"अहो, पण साहेबांना कळलं तर?"

"कसं कळेल?"

बाइंडरने विचार केला. कपातला चहा संपेपर्यंत केला. "तेही खरंच," म्हणाला आणि हलका होऊन उठला.

तो गेल्यावर मला राहवलं नाही. "दादा, माणसांना नाही कळणार, पण वरचा बघतो हं."

"बघू दे की," दादा म्हणाले, "त्याला तरी पुस्तक सलग वाचायला मिळेल."

आज हजार प्रती प्रतिष्ठानात पोचल्या. अध्यक्षांनी एक उघडली, वास घेतला आणि म्हणाले, अगदी पहिल्यासारखी.