पायात चप्पल हाय का?

शुक्रवार पेठेत आमच्या दुकानासमोरून एक हमाल डोक्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन जायचा. ओझ्यामुळं त्याला खाली बघता येत नसे. जाता जाता विचारायचा, "मालक, पायात चप्पल हाय का बगा की!"

मला थट्टा वाटायची. पण चप्पल खरंच मागं पडलेली असे, त्याला पत्ताच नसे. पुढं पाय लटपटू लागले, सदऱ्याची बटणं लागेनात. मानेतली गादी सरकून मज्जारज्जू दाबला गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झालं.

नंतर एकदा भर उन्हाळ्यात तो अनवाणीच दुकानासमोर आला, डांबरावर थांबला आणि झटकन पाय उचलून आनंदानं ओरडला, "मालक, पोळतंय की वो!"

पुढं माझी ती पेठ सुटली. पायाला चटका बसला की मला अजून हसू येतं.