वाऱ्यासाठी वॅगन मागणारे नाना

नानांची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती, आणि भांडत होते मी एकटीच. नव्वदीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी जळगावच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. गावातल्या व्याख्यानमालेत त्या दिवशी माझे ‘वीज आणि शेती’ या विषयावर भाषण झाले. वाऱ्यापासून वीज हा श्रीमंत देशांचा छंद आहे, आपल्याला स्वस्त कोळसाच बरा, असे मी ठणकावून सांगितले. टाळ्याही पडल्या. खाली उतरले, तर खांद्याला कापडी पिशवी लावलेले एक वयस्क गृहस्थ पुढे आले.

“ताई, तुमचं माहेर कुठलं?”

मी गावाचे नाव सांगितले. कोळशावर चालणाऱ्या एका वीजकेंद्राच्या वाऱ्याखालचे ते गाव.

“मग आई बिबड्या कुठे वाळवतात?”

ज्वारीच्या या पापडांखेरीज आमचा खानदेशी उन्हाळा पार पडत नाही. पण आमच्या गच्चीवर घातलेल्या बिबड्यांवर संध्याकाळपर्यंत राखेचा थर बसे. म्हणून आई दरवर्षी पिठाचा डबा घेऊन बसने मामाच्या गावी जाई आणि तिथे बिबड्या करी. मी हे सांगताच ते गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, “तुमच्या स्वस्त विजेच्या हिशेबात आईंचा हा फेरा धरला होता का?”

मला असा काही राग आला म्हणता! मी तिथेच दहा मुद्दे सुनावले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि “पुढच्या रविवारी येतो” म्हणून ते निघून गेले. आणि खरोखरच आले.

हे प्रल्हादराव महाजन. वीज खात्यातले निवृत्त अभियंते, राहणार धुळे. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत त्यांना सगळे नानाच म्हणतात. उमेदीची सारी वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांत विजेचे खांब उभे करण्यात घालवली. निवृत्तीनंतर माणसे नातवंडांत रमतात; नाना एका मागणीत रमले. राज्याने कायद्याने नियम करावा, की जो कोणी वीज पुरवतो त्याने आपल्या एकूण विजेतला ठरलेला वाटा वारा, ऊन, उसाचे चिपाड अशा न संपणाऱ्या साधनांतून घेतलाच पाहिजे, आणि हा वाटा दरवर्षी थोडा वाढला पाहिजे. एवढीच मागणी. तिच्यासाठी त्यांनी किती कचेऱ्यांच्या बाकांवर वाट पाहिली, ते त्या बाकांनाच ठाऊक.

वारा आहे हे आधी दाखवायला हवे होते. त्यासाठी नानांनी साक्री तालुक्यातल्या एका माळावर उंच खांब उभा केला. टोकाला वाऱ्याचा वेग मोजणारी तीन वाट्यांची फिरती चकती. गावकरी तिला भिंगरी म्हणत. वर्षभराची अखंड नोंद असेल तरच शासनाची समिती मागणीचा विचार करणार होती. वर्ष भरत आले होते आणि नेमका पाऊस दडून बसला. बाजरी करपू लागली. ढग येत आणि माळावरून निघून जात.

गावाने निरोप पाठवला, तेव्हा रविवारच्या वादांत एव्हाना त्यांच्या बाजूची झालेली मीही नानांबरोबर गेले. निंबाखाली सारे गाव बसले होते. गावचे कारभारी सुपडूआबा उठून उभे राहिले.

“नाना, बठ्ठा ढग येतस नि हाई भिंगरी त्यासले पांगाडी देस. तिले खाले उतारा.”

भिंगरी म्हणे ढग पांगवते! मी लगेच सरसावले. ढग किती उंच, खांब केवढा, वाट्या केवढ्या! शिक्षकाचे तोंड एकदा उघडले की मिटत नाही. नानांनी मला हाताने थांबवले आणि आबांना विचारले, “उतारी लेऊत, आबा. दोर कोठे शे?”

मी बघतच राहिले. दोराचे एक टोक त्यांनी स्वतः धरले आणि खांब हळूहळू आडवा केला. इतक्या महिन्यांची नोंद तिथे तुटली. परतताना बसमध्ये मी धुमसत होते. नाना म्हणाले, “उद्या याच माळावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या आहेत, ताई. या लोकांच्या मनाविरुद्ध एक खांब ठेवला तर उद्याचं कोणत्या तोंडाने मागू?”

आणि पुढे काय व्हावे? त्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला! माझ्या विज्ञाननिष्ठेचा पार बोजवारा उडाला. आता त्या गावात कोण आपले ऐकणार, म्हणून मी हताश होऊन बसले. नाना मात्र “बाजरी वाचली हो” म्हणत पेढे घेऊन आले. हा माणूस कोणत्या मातीचा आहे, हे मला त्या दिवशी कळेना. आजही पुरते कळलेले नाही.

बाजरीची उपणणी सुरू झाली तेव्हा नाना पुन्हा त्या गावी गेले. खळ्यावर बायका तिवईवर उभ्या राहून सुपातले धान्य वाऱ्यावर सोडत होत्या. वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, दिवसाच्या कोणत्या वेळी पडतो, हे ज्याने त्याने नानांना भरभरून सांगितले. शेवटी आबाच म्हणाले, खांब पुन्हा उभा करा, पण पावसाळ्यापुरता काढून ठेवा. नानांनी खरे ते सांगितले. या माळावर सगळ्यात जास्त वारा पावसाळ्यातच वाहतो, तो मोजला नाही तर बाकीची नोंद फुकट आहे. मग त्यांनी शब्द दिला, “पाऊस खोळंबला तर बोलवायची वाट बघणार नाही. मी स्वतः दोर घेऊन येईन.”

पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा खोळंबला. निरोप आला नव्हता. कोणाला तो शब्द आठवतही नसेल, असे मी म्हटले. नानांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले, खांद्यावर दोर टाकला आणि बस पकडली. मीही मागोमाग. माळावर पोचून ते गाठ सोडू लागले, तोच आबा धापा टाकत आले. त्यांनी नानांचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या, नाना. ज्या गावमा भिंगरी नही, तठे बी पानी नही शे. तिना काय गुन्हा?”

नानांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, आणि मी सहसा रडणारी बाई नव्हे. भिंगरी फिरत राहिली, नोंद पूर्ण झाली.

ती नोंद घेऊन आम्ही समितीपुढे उभे राहिलो. एक साहेब म्हणाले, “आधी पवनचक्क्या उभारून दाखवा, मग नियमाचं बघू.”

“साहेब, रावेरला चला,” नाना म्हणाले. “पिकलेली केळी थांबत नाहीत, तशी वीजही थांबत नाही. दिल्लीला रेल्वेची वॅगन जाणार याची खात्री असते, म्हणून शेतकरी दीड वर्ष आधी केळी लावतो. आधी केळी दाखवा, मग वॅगन देतो, असं म्हटलं असतं तर तालुक्यात केळीचं पान दिसलं नसतं. आम्ही वाऱ्यासाठी वॅगन मागतोय.”

मग माझ्यातल्या अर्थशास्त्राच्या बाईला कंठ फुटला. गिऱ्हाईक पक्के असले की बँक कर्ज देते, कर्ज मिळाले की यंत्रे जास्त बनतात आणि स्वस्त होतात. पवनचक्कीचा मोठा खर्च एकदाच, पुढे वाऱ्याचा भाव चढत नाही, कोळशाचा चढतो. आणि शेवटी आईच्या बिबड्याही सांगितल्या. समितीने “अभ्यास करू” असे आश्वासन दिले. तो अभ्यास अजून चालू आहे.

नानांच्या मायेबद्दल किती लिहावे? माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ते धुळ्याहून येऊन तिच्याजवळ बसत आणि दोघे अहिराणीत तासन्‌तास बोलत. स्वच्छ जागी वाळवलेल्या बिबड्या ते तिच्यासाठी आठवणीने आणत. आई जाईपर्यंत त्यांनी यात खंड पडू दिला नाही. एवढ्या कामांतून त्यांना हे कसे सुचत असे, याचे मला आजही नवल वाटते.

आज नाना पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि नियम अजून व्हायचा आहे. या गौरव अंकासाठी दोन शब्द मागायला मी सुपडूआबांकडे गेले होते. त्यांनी भिंतीतल्या देवळीतला एक नारळ काढून दाखवला.

“पहिली मोठी भिंगरी उभी ऱ्हाई, तव्हय हाऊ नारळ नानाच फोडतीन. त्यासले सांगा, तब्येत सांभाळा.”

जुना नारळ सुकला की आबा बाजारातून नवा आणून तिथे ठेवतात. सरकारी अभ्यासाची गती आम्ही जाणून आहोत, म्हणून नाना, तुम्हाला आयुष्यही त्याच मापाने भरपूर मागतो. तुमचे पाय माळ चढण्याइतके खंबीर राहोत, हातांतले बळ तसेच राहो. त्या देवळीतला नारळ आम्ही दुसऱ्या कोणालाही फोडू देणार नाही.