निमुळता कापूस

कारखाना सुटला तरी रुमिनीच्या बोटांना ते कळलं नव्हतं. भात निवत असला की ती ताटाच्या काठावर काहीतरी वळत बसायची. सून वुलान तिच्यासमोरचा कागदी रुमाल हळूच सरकवून घ्यायची आणि म्हणायची, "आई, आता आराम करा ना." आराम हा शब्द रुमिनीला आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलल्यासारखा वाटे.

पूर्वेकडच्या बेटांवरच्या कुडूस शहरातल्या कारखान्यात तिने उभं आयुष्य क्रेतेक वळण्यात घालवलं होतं. लवंग मिसळलेली तंबाखू कागदावर पसरायची, लाकडी साच्याचा दांडा खेचायचा, की सिगारेट बाहेर. ओठाकडे बारीक, विस्तवाकडे जाड. हाताने वळण्याचा हा विभाग बंद करायचं मालकांनी ठरवलं तेव्हा बायकांना एक जेवण दिलं आणि भाषण केलं. भाषणात त्यांच्या हातांचं फार कौतुक होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या हातांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.

म्हणून तिचा भाचा गालिह याच्या व्हेपच्या, म्हणजे विजेच्या सिगारेटींच्या, दुकानातला कॉइल बांधणारा माणूस लग्न करून सेमारांगला गेला, हे कानावर येताच ती छत्री घेऊन निघाली. बोलावण्याची वाट पाहिली नाही.

"ले, पोरा, ती खिडकीजवळची खुर्ची कुणाची?"

"कॉइलवाल्याची होती, बुलिक." तिकडे मावशीला बुलिकच म्हणतात. "आता कुणाचीच नाही."

"मग मी बसते."

गालिह हसला. "बुलिक, तुम्ही क्रेतेकवाल्या. हे दुकान म्हणजे तुमच्या शत्रूचं घर."

"शत्रूच्या घरी काम मिळत असेल तर तो शत्रू कसला? सरक."

गालिहच्या दुकानात तयार कॉइल, म्हणजे अर्काची वाफ करणाऱ्या तापत्या तारा, मिळायच्या. पण त्याची नेहमीची गिऱ्हाइकं वेगळी. त्यांची यंत्रं उघडून आत हाताने तार आणि कापूस बसवून द्यावा लागे. हे बांधकाम ज्याला जमलं त्याच्यासाठी लोक गावाबाहेरून येत. गालिहने तिच्यासमोर एक उघडी डबी ठेवली. आत दोन खांब, दोन स्क्रू.

"ही तार या सळीभोवती गुंडाळायची. वेढे एकमेकांना चिकटून हवेत, एकावर एक चढता कामा नयेत. मग दोन्ही पाय स्क्रूखाली दाबायचे, उरलेली शेपटी तोडायची. शेपटी डबीला टेकली तर घोटाळा."

"आणि वाईट झालं तर?"

"तर मी नीट करून देईन."

"नाही. वाईट झालं तर माझ्या डोळ्यांदेखत तोडायचं. आमची मुकादमीण तसंच करायची. नीट करून देणारा माणूस शिकवत नसतो, ले, लाड करत असतो."

तार तिला लवकर वश झाली. बटण दाबलं की कॉइलची लाली मधल्या वेढ्यातून उठून दोन्ही कडांकडे जायला हवी. सुरुवातीला ती एकाच टोकाला भडकायची. मग चिमट्याने वेढे हलकेच दाबायचे, पुन्हा बटण, पुन्हा दाबायचे. थोड्याच दिवसांत तिची कॉइल पहिल्याच बटणाला मधून उजळू लागली. त्या लालीकडे बघताना तिला फार बरं वाटायचं. एवढीशी तार, आणि आतून बाहेर पेटण्याची रीत तिला ठाऊक.

अडलं ते कापसापाशी. कॉइलच्या पोटातून कापसाची वात ओवायची, दोन्ही टोकं कापून खाली खोचायची, अर्काचे थेंब सोडायचे. बाहेरून तिचं काम इतकं देखणं दिसे की गालिहने पहिल्यांदा फोटोच काढला. मग एक झुरका घेतला आणि खोकत सुटला.

"जळकं!"

त्याने कापूस तिच्यादेखत उपसून टाकला. तिने दुसरी वात सैल वळली.

"आता गळतंय, बुलिक. माझ्या पँटवर बघा. आणि तरी जळकंच लागतंय!"

"गळतंय की जळतंय? एक काहीतरी सांग. ओलं सरपण का आहे ते?"

"दोन्ही!"

पुढचे काही दिवस तसंच. घट्ट वळा, सैल वळा, तक्रार तीच. गालिहचा चेहरा उतरत गेला. मावशीला नको म्हणणं त्याच्या जिवावर येत होतं. गिऱ्हाईक तुटणंही परवडत नव्हतं. शेवटी त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "शुक्रवारी नमाजानंतर पाक सुतिक्नो येतात. सगळी मंडळी त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवतात. त्यांनी तुमचं काम ओढून खाली ठेवलं, तर बुलिक, मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"आणि नाही ठेवलं, तर खुर्ची माझी. मग 'आराम करा' म्हणायला तूही यायचं नाहीस."

शुक्रवारी सुतिक्नो आले. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे पाक म्हणतात, बाईला बू. निवृत्त बसचालक, जाड ओठांचे, नमाजाची टोपी अजून डोक्यावर. मागून नेहमीची दोनचार मंडळी. तमाशा बघायला मिळणार, हे सगळ्यांना कळलेलं.

"तुम्ही वळलेल्या क्रेतेक मी इतक्या ओढल्यात, बू," ते म्हणाले, "की माझ्या छातीत तुमचा कारखानाच असेल. डॉक्टर म्हणतो, तेही सोडा नि हेही सोडा."

"मग सोडा की."

"एकेक सोडतोय ना! घाई कसली?"

रुमिनीने त्यांचं यंत्र उघडलं. तार बसवली, उजळून पाहिली, वात ओवली, कापली, खोचली, अर्क सोडला. टोपण लावायच्या आधी एकदा बटण दाबलं. अर्क तडतडला. सुतिक्नोंनी हात पुढे केला. तिने यंत्र दिलं नाही, कानाशी नेलं.

लवंग जळताना बारीक फुटते, क्रेतेक, क्रेतेक, म्हणून त्या सिगारेटला ते नाव. कारखान्यात माल डोळ्यांइतकाच कानांनी पारखायचे. तिने पुन्हा बटण दाबलं.

"काय झालं?" सुतिक्नो म्हणाले. "विष घातलंत का?"

"थांबा. हे डावीकडून बोलतंय. उजवीकडे मुकं आहे."

गालिहने कान लावला. "मला सगळं सारखंच ऐकू येतंय."

"तुझ्या कानात गाणी भरलीत."

तिने चिमट्याने वात ओढून टेबलावर आडवी ठेवली. मंडळी वाकून बघू लागली. एक टोक बारीक, दुसरं जाड. मधे कॉइलचे वेढे उमटलेले. कुणी काही बोलायच्या आत रुमिनी स्वतःच हसायला लागली, खांदे हलेपर्यंत.

"अरे, ही तर क्रेतेकच वळली मी!"

आता सगळं उघड होतं. जाड टोक वेढ्यांत गच्च बसून अर्क वर चढू देत नव्हतं, तिथे जळत होतं. बारीक टोकाकडून सैल वाट राहून गळत होतं. गालिहच्या दोन्ही तक्रारी खऱ्या, एकाच वेळी.

"मग वळूच नका, बुलिक," गालिह म्हणाला. "कापूस नुसता विंचरून आत ओढा."

तिने नवा कापूस घेतला, नुसता विंचरायचा म्हणून. बोटांनी तिला न विचारता त्याला उतार दिला. पुन्हा एकदा. पुन्हा तेच. हात तिचेच होते, पण त्यांना शिकवलं होतं कारखान्याने, आणि कारखान्याने त्यांना परत काही विसरायला शिकवलं नव्हतं. तिने हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बैल गोठ्याचीच वाट धरतो म्हणून त्याला कोणी विकत नाही.

सुतिक्नोंनी घसा खाकरला. "राहू द्या, बू. सवय हाडात जाते. मी अजून खुर्चीत बसून ब्रेक दाबतो."

"दाबा की. मी कुठे सवय सोडणार आहे?"

तिने कापसाचे दोन बारीक पुंजके घेतले. दोन्ही बोटांना हवे तसे वळू दिले, अर्ध्या जाडीचे. मग एक उलटा फिरवला आणि जोडीला जोड ठेवली. एकाच्या जाडीशेजारी दुसऱ्याचा बारीकपणा. दोन्ही मिळून वात या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झाली. टोकं चिमटीत पिळून ती कॉइलमधून ओवली. ना अडकली, ना डुगडुगली. कापली, खोचली, अर्क सोडला, बटण. या वेळी आवाज सगळ्या वेढ्यांतून आला.

"घ्या," ती म्हणाली.

सुतिक्नोंनी पहिला झुरका डोळे मिटून घेतला. दुकान त्यांच्या हाताकडे बघत होतं. तोंडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दुसरा झुरका. मग ते रेम्बांगच्या रस्त्यावरच्या एका वळणाबद्दल बोलायला लागले. समोरच्या गाडीवरून सोतोचे, गरम रश्श्याचे, वाडगे आले. त्यांनी उजव्या हाताने चमचा उचलला. यंत्र डाव्या हातात गेलं, खाली नाही.

गालिहला राहवेना. "पाक, कसं आहे ते सांगा तरी!"

"सांगायला तोंड रिकामं लागतं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं, आपलं यंत्र गालिहसमोर ठेवून म्हणालं, "दादा, कॉइल बदलायची होती."

गालिहने ते उचललं नाही. बोटाने खिडकीकडे दाखवलं.

रुमिनीने डबी उघडली, आतला काळा पडलेला कापूस चिमट्याने काढला, नाकाशी नेला आणि नाक मुरडलं.

"हे कुणी बांधलं?"

"मीच."

"बसा इथे," ती म्हणाली. "आधी ऐकायला शिका."