दिवस विचारणारी बाई

रामराम नाही, बरी आहेस का नाही; समोर बाई दिसली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाळी कधी आल्ती, वो?" अकोल्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडतानाही त्या तो विचारत. मेथीवाली पदर तोंडावर ओढून म्हणे, "अवो बाई, माणसं हायेत अथी!" त्यावर उत्तर तयार असे, "असू दे. त्याइले पाळी येत असती तं दवंडी पिटली असती त्याइनं!" मेथीवाली हसे आणि दिवस सांगून टाके. त्या जनाना दवाखान्यातल्या नर्स. नाव काही वेगळं होतं, पण मळेवाल्या बायकांनी त्यांना दिवसबाई केलं.

मला त्यांचा हेवा वाटे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील असेपर्यंत अमरावतीच्या प्रत्येक सभेतून मिठाईऐवजी पत्रकं घेऊन येत, आणि त्यावरची अक्षरं लावतच मी वाचायला शिकले. विसाव्या वर्षाच्या आत मी स्वतःचं पत्रक छापून घेतलं, 'विटाळ गाडा'. ते घेऊन जठारपेठेत सभा भरवली. सात बाया आल्या. त्यांतल्या चौघी नुसत्या सावलीला बसल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीजवळच्या खोपडीसमोर दिवसबाईंपुढे पंचवीस बाया रांगेनं बसल्या. ना पत्रक, ना भाषण.

दर गुरुवारी ती खोपडी त्यांची. दाराला लुगडं बांधायचं, आमच्याच पातेल्यात पाणी उकळायचं, आणि एकेकीला आत घेऊन तपासायचं. अंगावरून जातं का, मधेच लाल दिसतं का, कंबर भरून येते का. गडबड वाटली की डॉक्टरीणबाईंकडे धाडायचं. एका गुरुवारी पाहते तर उकळलेली हत्यारं माझ्या पत्रकांवर मांडलेली. लढाईचे दिवस, कागद मिळायची मारामार. माझा संताप झाला.

"कागद चांगला हाय तुह्या पत्रकाचा," त्या म्हणाल्या. "कायच्या तरी कामी आला."

"त्यावर लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलं. ब्येस लिवलं. आता तुयी कधी आल्ती ते सांग."

मी पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीवर गेले. दर वेळी जात असे. लाज सोडा असं ज्या बाईनं छापून वाटलं, तिची लाज त्या एका प्रश्नापुढं सुटत नव्हती. बादली घेऊन परत आले की त्या फक्त हसत. त्या हसण्याचाही मला राग येई.

घरात मात्र मी जिंकले होते. आमच्याकडे बाई बाजूला बसली की चार दिवस फुलाला हात लावत नसे. ते मी भांडून, दोन दिवस उपाशी राहून बंद करवलं. मायनं ऐकलं. पुढं दोनेक वर्षांनी तिची पाळीच गेली आणि तो विषय संपला, असं मी समजत होते.

माय रोज दोन प्रकारचे हार गुंफायची, एक देवीच्या देवळाचा आणि बाकीचे विकायचे. त्या हिवाळ्यात देवीचा हार मधूनमधून घरातली काकू करू लागली. बोटं आखडतात, असं माय म्हणाली. मी तिला तेल गरम करून दिलं. पत्रक लिहिण्यात गुंतले होते, तरी आठवणीनं दिलं. एवढं माझं समाधान.

एका गुरुवारी रांग संपल्यावर दिवसबाई मायजवळ चहा पीत बसल्या. मी समोरच झेंडू निवडत होते.

"वैनी, देवीचा हार कावून सोडला?"

"बोटं आखडले, बाई."

"देवीच्याच हाराले आखडते? हे लग्नाचे ढीगभर हार कोनं गुंफले मंग?" मग आवाज खाली आणून, "कवापासून जाऊन राहिलं?"

मायनं सुईवरची नजर काढली नाही. "दिवाळीपासून. मधी मधी."

पाळी जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला दिवाळीपासून रक्त जात होतं, एकाच छपराखाली, आणि मला पत्ता नव्हता. पूर्वीची रीत असती तर माय मागच्या पडवीत जाऊन बसली असती आणि शेजारच्या मळ्यालासुद्धा कळलं असतं. ती पडवी मीच रिकामी केली होती.

दिवसबाईंनी चहा तसाच ठेवला आणि मायला खोपडीत नेलं. बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्या थट्टा करत नव्हत्या. "पिशवीच्या तोंडाशी जखम हाय. उद्याच अमरावतीले मोठ्या दवाखान्यात न्या. परवा नाई, उद्या."

गाडीत मी मायला विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुले कसं सांगू? तू मनतेस इटाळ नसते. मंग देवीच्या फुलाले काहून हात नाई लावत मनून पत्रक वाचून दाखोलं असतं तू मले."

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढली. आणखी काही महिने गेले असते तर हात लावला नसता, म्हणाल्या. मी उशाशी तीन रात्री बसून होते. माय गुंगीतून बाहेर आली आणि पहिला शब्द बोलली तो, "दिवसबाई कोठी हाय?"

माय वाचली. पुढच्या वर्षी दिवसबाईंची धामणगाव रेल्वेला बदली झाली. स्टेशनवर इतक्या मळेवाल्या जमल्या की हमाल विचारू लागले, कोणाची सभा आहे. मायनं त्या दिवशी गुंफलेला देवीचा हार आणला होता, शेवंतीचा. देवीला उद्या घालीन, म्हणाली, आणि तो दिवसबाईंच्या गळ्यात घातला. माझ्या सभेत मला हार मिळाला होता. तो मीच घरून नेला होता.

गाडीनं शिटी दिली. दिवसबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. हात हलवतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या फलाटावर ऐकू जाईल असं विचारलं, "काहो पत्रकवाली! कधी आल्ती?"

विहीर जवळ नव्हती. बादलीही नव्हती.

"बुधवारी!" मी ओरडले.

हमालानं वळून पाहिलं. गाडी हलली होती, मी तिच्याबरोबर चार पावलं धावले. "मागच्या म्हयन्यात आलीच नोती!"

"मंग बुधवारी धामणगावले येजो!" त्या ओरडल्या.

मी गेले.