पोचायची वेळ

त्या टॅक्सीवाल्याचं नाव मी विचारलं नाही, कारण मला त्याचा फार वैताग आला होता. आई सकाळीच गेली होती. दिवस मावळायच्या आत उचलायचं, असं मामांनी ठरवलं होतं, आणि धाकटा भाऊ दिल्लीहून विमानात बसला होता. त्याला आणायला शिर्डीच्या विमानतळावर जायला मी श्रीरामपुरातून ही टॅक्सी केली.

हा माणूस पूर्वी वैमानिकांना हॉटेलात नेत-आणत असे. त्यांची भाषा त्याला चिकटली होती.

"ईटीए काय हाय, सर? म्हंजी पोचायची वेळ."

तो बोटाने स्टिअरिंग वाजवत आधी शब्द सांगायचा, मग अर्थ. मी काहीही बोललो की 'रॉजर', म्हणजे 'कळलं', म्हणायचा; आई गेल्याचं सांगितलं तेव्हाही.

विमानतळावर ढग खाली आले होते. विमान दिसलं, आणि टेकता टेकता पुन्हा वर गेलं.

"गो-अराउंड!" तो उत्साहाने म्हणाला. "रनवे दिसला न्हाई की पायलट परत वर घेतो. मग चक्कर मारून..."

"पुरे करा हो!" मी ओरडलो. सकाळपासून माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला.

बऱ्याच वेळाने विमान उतरलं, तोच मामांचा फोन आला. "अजून किती थांबायचं? लोक खोळंबलेत."

"मामा, ते विमान..." म्हणून मी अडखळलो. टॅक्सीवाल्याने हळूच माझ्या हातातला फोन घेतला.

"मामा, इमान उतरलं. पोरगं आलंय. आईला उचलू नका."