आत्याची वई

उल्हासनगर कॅम्प दोनमधून रविवारी सकाळी निघाले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत ड्युरांटाच्या, म्हणजे कुंपणाला लावतात त्या शोभेच्या झुडपाच्या, रोपांच्या पिशव्या होत्या. खरवईला आत्याच्या शेताची वई (झाडाझुडपांचं जिवंत कुंपण) तुटणार होती. शेजारच्या नव्या बिल्डिंगची तक्रार, की वईतून साप येतात. दुपारी कटरवाला येणार होता. तिच्या जागी काय लावायचं, हे आत्याने फोनवर मला विचारलं. विचारणारच. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन.

रोपवाले सिंधी काका म्हणाले होते, "बेटा, ये ले जा. काटते रहो, बस. कीड़ा भी नहीं आएगा." मला तो गुण वाटला.

दालपकवान खाऊन रिक्षा धरली. अंबरनाथला बुवापाड्याजवळ क्लचची वायर तुटली. "ताई, तुमची बाग घेऊन उतरा," रिक्षावाला म्हणाला. समोरच्या दारात एक ताई रंगाच्या डब्यातल्या कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. पानांवर अळ्या होत्या.

"मारत नाही?" मी विचारलं.

"पानं पुन्हा फुटतात. फुलपाखरं कुठून आणू?"

मी हसले. मनावर मात्र घेतलं नाही.

दुसरी रिक्षा करून खरवईला पोचले तर आत्याने आधी भाकरी-सुकट वाढलं, मग पिशवीत डोकावली.

"करवंद धरतं याला?"

"नाही."

"पाखरू बसतं?"

"कापत राहिलं तर फूलच येत नाही गं."

"मंग भिंतच घालू की बाय. तिला पाणी तरी नको."

तिने हात धरून मला वईपाशी नेलं. निरगुडी, करवंदाची जाळी, वर चढलेली गुळवेल. एक फांदी बाजूला केली, तर बुलबुलच्या घरट्यात तीन उघड्या चोची. कटरवाला यायला दोन तास होते.

"आत्या, थांबव हे."

"मला कुठं तोडायचंय? रोज बाल्कनीतून ऐकायला लागतं." मग ती हळूच म्हणाली, "तशी वई एकटीनं मोडतच नाय आमच्यात. पलीकडच्याला उभं करायचं, दोघांनी हात लावायचा. पूर्वी पलीकडं दामूभाऊ होता. आता एवढी घरं, कुणाला उभं करू?"

"सगळ्यांना!"

पाटीभर करवंदं घेऊन आम्ही बिल्डिंगमध्ये शिरलो. आत्या दारोदार एकच सांगत होती, "वई मोडायचीय, बघायला या." सेक्रेटरी हाफ पँटमध्येच आले. सगळ्यांत जास्त तक्रार करणाऱ्या गवळी मॅडम मोबाइल घेऊन आल्या. घरटं बघून त्यांनी आवाज हळू केला. "पण साप येतात त्याचं काय?"

"साप येतो उंदरामागं," आत्या म्हणाली, "आणि उंदीर?"

वईच्या बुडाशी वरून फेकलेल्या शिळ्या अन्नाच्या पिशव्या पडल्या होत्या. सगळ्यांनी त्या बघितल्या आणि मग एकमेकांकडे बघितलं. एक आजोबा म्हणाले, "अहो सेक्रेटरी, यातली कोबीची भाजी तुमच्याकडची वाटते." हशा पिकला.

ठरलं ते असं: कचरा फेकणं बंद, पडलेला बिल्डिंगने उचलायचा. वाटेवर येणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटायच्या, त्याही पिल्लं उडाल्यावर. कटरवाला चहा पिऊन परत गेला.

परतीच्या रिक्षात मला जरा ओशाळल्यासारखं झालं. झाडांची लॅटिन नावं मला अजून घडाघडा येतात. त्या झाडावर कोण जगतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. डिग्रीचा अभिमान आहेच, तो सोडणार नाही. पण माझ्या नावावर जमीन नाही म्हणून मला काय करता येणार, असं वाटायचं, ते त्या दिवशी गेलं. गवळी मॅडमच्या नावावर तरी कुठे शेत होतं? तरी त्यांच्या तक्रारीवर वई तुटायला निघाली होती, आणि त्या बघायला आल्या म्हणून वाचली.

काही दिवसांनी आत्याचा फोन आला. पिल्लं उडाली होती. छाटणीला हात लावायला गवळी मॅडम स्वतःची कात्री घेऊन आल्या होत्या.

"मग? किती छाटलं?"

"कसलं काय! मी फांदी धरली की ती म्हणते, ही राहू द्या ना आत्या. उन्हं उतरली तरी आमची वाट काय मोकळी झाली नाय."